आक्कांचा टीव्ही : सांगलीतल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

ज्येष्ठांसाठी घरभेटी देणाऱ्या एका कार्यकर्तीकडे ऑगस्ट २०२३मध्ये आलेलं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. 'आक्का' ही सांगलीत घरोघरी ऐकू येणारी हाक आहे, तीच इथे नावाच्या जागी वापरली आहे. मुलाने तक्रार एका वाक्यात मांडली : "आईला टीव्हीचं व्यसन लागलंय, ते सोडवायचंय." घरच्यांनी निदान आधीच करून टाकलं होतं आणि पहिलं वर्ष त्या निदानावरच उपाय करण्यात गेलं. प्रत्यक्षात आक्कांचं टीव्ही पाहणं गेल्या छत्तीस वर्षांत चार टप्प्यांतून गेलं, आणि प्रत्येक टप्पा घरातल्या मांडणीमुळे आला. संच कुणाचा, तो कुठे ठेवलाय, प्रक्षेपण कधी संपतं, समोर बसताना हातात काय काम असतं, या गोष्टींनी ते ठरवलं. म्हणून पार्श्वभूमी जरा तपशिलात दिली आहे.

पार्श्वभूमी

आक्कांचा जन्म १९५७चा, तासगाव तालुक्यातला. शिक्षण सातवीपर्यंत. १९७७ला लग्न होऊन त्या सांगलीच्या गावभागात आल्या. नवरा मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी. घर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांचं. आक्का घरी ब्लाउज शिवायच्या, साड्यांना फॉल लावायच्या. मशीनशेजारच्या कोनाड्यात रेडिओ, त्यावर दिवसभर आकाशवाणी सांगली.

टीव्ही त्यांनी पहिल्यांदा नेमाने पाहिला तो शेजारच्या वाड्यात. २५ जानेवारी १९८७ला रविवारच्या सकाळी 'रामायण' सुरू झालं आणि गल्लीतल्या बायका आंघोळी उरकून त्या घरात सतरंजीवर बसू लागल्या. दुसऱ्याच्या घरात टीव्ही पाहण्याचा एक अलिखित नियम असतो : कार्यक्रम संपला की उठायचं. चहाची वेळ होईपर्यंत रेंगाळणं बरं दिसत नाही. आठवड्याला एक कार्यक्रम, एवढाच त्यांचा टीव्ही होता.

१९८८च्या दिवाळीच्या सुमारास घरचा संच आला. ५१ सेंटिमीटरचा, कृष्णधवल, पुढे सरकतं शटर असलेला. कौलांवर ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना आणि तिथून खाली येणारी चपटी दुपदरी वायर. वाऱ्याने अँटेना जरा फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग नवरा शिडीवर, थोरला मुलगा दारात आणि आक्का टीव्हीसमोर, "आलं… गेलं… ऱ्हाऊ दे तसंच!" २ ऑक्टोबर १९८८ला सुरू झालेलं 'महाभारत' आता गल्लीतल्या चार बायका आक्कांच्या घरी येऊन पाहत. या टप्प्यात लगाम प्रक्षेपकाच्या हातात होता. वाहिनी एक, आणि रात्री प्रक्षेपणच संपायचं. ते संपलं की शटर ओढून वर भरतकामाचा रुमाल.

तिसरा टप्पा केबलचा. १९९६ला रंगीत संच आला. १५ ऑगस्ट १९९९ला 'अल्फा मराठी' सुरू झाली (२००५पासून 'झी मराठी'), आणि रोज ठरल्या वेळी लागणाऱ्या मराठी मालिकांची सवय लागली. आक्कांनी स्वयंपाक संध्याकाळी सातच्या आत आणला. पण त्या कधी रिकाम्या हाताने बसल्या नाहीत. ब्लाउजची काजं, हूक, साडीचा फॉल अशी हाताने करायची सगळी कामं त्यांनी मालिकांच्या वेळेला ठेवली होती. फॉल लावताना नजर सुईवर असते. म्हणजे तीन तास टीव्ही चालू असला तरी पडद्याकडे पाहणं अर्धंसुद्धा नाही, बाकीचं कानाने. पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे होती. घरच्यांना मात्र ती फार उशिरा दिसली. भारनियमनाच्या वर्षांत संध्याकाळचा भाग हुकला की दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपण पाहायची सोयही त्यांना तेव्हापासून ठाऊक होती.

२००५च्या महापुरात टीव्ही माळ्यावर चढवला म्हणून वाचला. २०१७ला नवरा गेला. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा पुन्हा वर आली तेव्हा गल्लीतल्या बहुतेकांनी २००५ची खूण प्रमाण मानून सामान तेवढ्या उंचीच्या वर ठेवलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ची खूण बुडाली आणि माळ्यावरचा टीव्ही व शिलाई मशीन दोन्ही गेली. आक्का विश्रामबागेत मुलाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. तात्पुरत्या म्हणून गेल्या आणि तिथेच राहिल्या.

चौथा टप्पा या फ्लॅटमधला. मुलगा खासगी नोकरीत, सून शाळेत शिक्षिका, नातू तेव्हा सहावीत. सकाळी साडेनऊला घर रिकामं होतं आणि दुपारी अडीचला नातू येईपर्यंत रिकामंच राहतं. स्वयंपाकाला बाई. मशीन नाही, ओळखीचं गिऱ्हाईक नाही, दार उघडं ठेवून बसायची रीत नाही. हॉलमध्ये ३२ इंची एलईडी टीव्ही. लॉकडाऊनमध्ये मालिकांचं चित्रीकरण थांबलं, तेव्हा मुलाला वाटलं आता सुटेल. २८ मार्च २०२०पासून 'रामायण' सकाळी नऊ आणि रात्री नऊला पुन्हा दाखवलं जाऊ लागलं, ते त्यांनी पाहिलं. उरलेल्या वेळात जुन्या मालिकांचे जुने भाग पाहिले. टीव्ही चालू राहण्याचे तास कमी झाले नाहीत. नवी गोष्ट एकही नसताना टीव्ही तेवढाच चालतो, याचा अर्थ ओढ गोष्टीची नाही. हा पुरावा तेव्हाच समोर आला होता, पण त्या दिवसांत कुणाला सुचणार!

अडचण

२०२२च्या मध्यापासून घरात तीन गोष्टींवरून खटके उडू लागले. पहिली आणि सगळ्यांत मोठी, आवाज. टीव्हीवरचा आकडा ४५-५०च्या घरात. नातवाची खोली हॉलला लागून आणि मधलं दार पोकळ फ्लश डोअर. खालच्या मजल्यावरूनही दोनदा निरोप आला. दुसरी, रात्र. मालिका साडेदहाला संपल्या तरी टीव्ही चालूच राहायचा, आक्का सोफ्यावर डुलकी घ्यायच्या आणि कुणी बंद केला की लगेच जाग्या व्हायच्या. खोलीत जाईपर्यंत एक वाजायचा. तिसरी, बोलणं. सूनबाई शाळेतून येऊन काही सांगायला गेल्या की "थांब, हे एवढं होऊ दे."

आवाजाबद्दल काही म्हटलं की आक्कांचं उत्तर ठरलेलं : "मला ऐकायला येतंय की! हीच माणसं नीट बोलंनात." घरात हा विनोद झाला होता. कानाच्या तज्ज्ञाने तो ऐकला असता तर अर्धं निदान जागेवर झालं असतं.

आधी झालेले दोन प्रयत्न

ऑक्टोबर २०२२ : आक्कांच्या खोलीत दुसरा टीव्ही. साडेआठ हजारांचा २४ इंची संच, आणि महिन्याचा खर्च नको म्हणून डीडी फ्री डिश. ही डिश जीसॅट-१५ उपग्रहावर, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेला लावायची असते. सांगलीतून ती दिशा कंपासवर सुमारे १३० अंश, म्हणजे आग्नेय, आणि क्षितिजापासून उंची सुमारे ६० अंश. ६० सेंटिमीटरची घरगुती डिश ऑफसेट प्रकारची (सिग्नल पकडणारं टोक मधोमध नसून खालच्या बाजूला असलेली) असते, त्यामुळे डोळ्यांना ती प्रत्यक्षापेक्षा बरीच उभी दिसते. नवखा माणूस "अजून वर कर" म्हणत सिग्नल घालवतो. इथे गच्चीवर जोडणी नीट झाली, चित्रही स्वच्छ आलं. पण आक्का पाहत असलेल्या चारही मालिका पैसे भरून घ्यायच्या वाहिन्यांवर होत्या आणि त्या वाहिन्या फ्री डिशवर नव्हत्या. त्यामुळे दिवसा खोलीतला टीव्ही, संध्याकाळी मालिकांना हॉलमधला आणि रात्री पुन्हा खोलीत जुने चित्रपट. तास वाढले.

खरंतर त्या वेळच्या ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांप्रमाणे एकाच घरातल्या दुसऱ्या जोडणीला नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे जोडणीचं मूळ मासिक शुल्क, पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नव्हतं. १३० रुपयांवर ते ५२ रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६१ रुपये ३६ पैसे, वर वाहिन्यांचे पैसे. ही चौकशी केलीच गेली नाही. केली असती तरी प्रश्न सुटला असता असं नाही. फक्त टीव्हीबरोबर आक्काही कायमच्या त्या खोलीत गेल्या असत्या.

जुलै २०२३ : नातू दहावीत गेला आणि मुलाने केबलचा रिचार्जच केला नाही. आईला सांगितलं, "वायर तुटलीय, माणूस येणार आहे." नऊ दिवस माणूस आला नाही. आक्का समोरच्या फ्लॅटमध्ये मालिका पाहायला जाऊ लागल्या. तिथल्या मुलाने सहज सांगितलं की केबल सगळ्यांची चालू आहे. त्यानंतर दोन दिवस त्या जेवायला टेबलावर आल्या नाहीत. सहासष्ट वर्षांच्या बाईला, जिने शिवणाच्या पैशांतून मुलाची फी भरली, तिला खोटं सांगून आवरायचं, हा या प्रकरणातला सगळ्यांत महागडा निर्णय होता. पुढचा प्रत्येक उपाय सुचवताना त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आता ह्यात काय लपवलंय?"

विचारात घेतलेले पर्याय

पहिल्या घरभेटीत कार्यकर्तीने उपाय सुचवले नाहीत. दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहायला सांगितले : टीव्ही किती तास चालू होता आणि त्यातलं आक्कांनी स्वतः निवडून, बसून किती पाहिलं. दुसरा आकडा आक्कांनीच लिहायचा. पंधरा दिवसांची सरासरी निघाली ती अशी : दोन्ही संच मिळून चालू साडेतेरा तास, पाहिलेला पाच तास. मुलाचा पहिल्यांदा विश्वास बसेना. उरलेल्या साडेआठ तासांबद्दल विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, "घरात माणसाचा आवाज असला की बरं वाटतं. न्हाईतर भिंती खायला उठत्यात."

यामुळे एकाच तक्रारीचे तीन तुकडे झाले : सोबतीचा आवाज, प्रत्यक्ष पाहणं आणि आवाजाची पातळी. मग पर्याय तोलले.

टीव्ही काढून टाकणं किंवा तासांची मर्यादा घालणं मुलाला हवं होतं. जुलैचा प्रकार झाल्यावर ते शक्य नव्हतं, शिवाय मर्यादा पाच तासांना लावायची की साडेआठ तासांना, याचंच उत्तर नव्हतं. टीव्ही नातवाच्या खोलीपासून लांबच्या भिंतीवर हलवणं स्वस्त होतं, पण केबलचा पॉइंट आणि खिडकीचं ऊन आडवं आलं. ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात पाठवायचं सूनबाईंनी सुचवलं. आक्का दोनदा गेल्या आणि म्हणाल्या, "तिथं पण टीव्हीच लावलाय." साउंडबार घेण्याचा विचार झाला. भिंतीवरच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्याने शब्द फुटतात हे खरं, त्यामुळे पर्याय अगदीच चुकीचा नव्हता. पण कान तपासल्याशिवाय त्यावर पाच-सहा हजार घालणं म्हणजे अंदाजाने चष्मा घेण्यासारखं झालं असतं.

म्हणून आधी कान. या निर्णयावर मुलगा नाराज होता, कारण "फोनवर तर तिला सगळं ऐकू येतं." येणारच, फोन कानाला चिकटलेला असतो.

काय केलं

मिरजेत आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. डाव्या कानात मळ घट्ट बसला होता. तो थेंबांनी चार दिवस मऊ करून काढला. हे न करता थेट श्रवणचाचणी केली असती तर आकडे खोटे आले असते. मग ध्वनिरोधक खोलीत चाचणी झाली. बोलण्याच्या पट्ट्यातली सरासरी उजव्या कानाची ४६ डेसिबल, डाव्याची ५४ (आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी). मात्र ४००० हर्ट्झला, म्हणजे वरच्या पट्टीत, दोन्ही कान सत्तरच्या पलीकडे.

वयाने कमी होणारं ऐकू येणं असंच उतरतं. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. मराठीत स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजनं त्या पट्टीत येतात. अ, आ, ओ यांसारखे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि ते टिकतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते निसटतं. त्यावर मालिकांचं पार्श्वसंगीत. ते भरदार आणि खालच्या पट्टीतलं, म्हणजे आक्कांना चांगलं ऐकू येणारं. आवाज वाढवला की संगीत आणि स्वर वाढतात, हवी ती व्यंजनं त्या मानाने मागेच राहतात, म्हणून आणखी वाढवायचा. "हीच माणसं नीट बोलंनात" हे आक्कांच्या बाजूने अक्षरशः खरं होतं.

श्रवणतज्ज्ञांनी दोन्ही कानांना यंत्र सुचवलं. आक्कांनी ठाम नकार दिला. इथे दुसरा महत्त्वाचा निर्णय झाला : यंत्राचा आग्रह सोडून आधी हेडफोन. नातू दिवसभर हेडफोन घालतो, त्यामुळे त्यात म्हातारपण दिसत नाही, हा हिशेब होता आणि तो लागू पडला.

हेडफोन जोडण्यात मात्र दोन चुका झाल्या, दोन्ही नेहमीच्या. पहिली, नातवाचा ब्लूटूथ नेकबँड. टीव्हीत ब्लूटूथ नव्हतं म्हणून टीव्हीला जोडायचा एक ट्रान्समीटर आणला. आवाज ओठांच्या मागून येऊ लागला. साध्या ब्लूटूथमध्ये सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर सहज होतो. चांगलं ऐकू येणाऱ्याला तो खपतो. कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो, त्याचा पूर्ण गोंधळ होतो. आक्कांनी पाच मिनिटांत काढून ठेवला. दुसरी, टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात तार घातली की टीव्हीचे स्पीकरच बंद. आक्का पाहतायत आणि बाकीच्यांना मूकपट.

शेवटी टिकली ती जोडणी अशी. ब्लूटूथऐवजी स्वतःच्या २.४ गिगाहर्ट्झच्या बिनतारी जोडणीवर चालणारा, म्हणून उशीर न जाणवणारा, चार्जिंगच्या बैठकीसह येणारा टीव्हीसाठीचा हेडफोन. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला एचडीएमआयने जोडलेला, आणि हेडफोनची बैठक सेट-टॉप बॉक्सच्याच लाल-पांढऱ्या एव्ही आउटपुटला. बऱ्याच बॉक्समध्ये दोन्ही वाटांनी आवाज एकाच वेळी येतो. काहींत एचडीएमआय लावताच एव्ही बंद होतं, म्हणून खरेदीआधी कुठलाही साधा स्पीकर लावून पाहावं. बॉक्सच्या रिमोटवरचा आवाज पूर्ण ठेवायचा आणि त्याला नंतर हात लावायचा नाही. घरासाठीचा आवाज टीव्हीच्या रिमोटने, आक्कांचा हेडफोनवरच्या चाकाने. घोळ टाळायला बॉक्सच्या रिमोटवरच्या आवाजाच्या बटणांवर चिकटपट्टी लावली. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये सराउंड बंद, बास खाली आणि बोलणं स्पष्ट करणारा मोड चालू. आक्कांची खुर्ची सोफ्याच्या टोकावरून पुढे, पडद्यापासून सहा फुटांवर आणली.

आठवड्यात नवी तक्रार आली : हेडफोन घातला की आक्कांना बेल, फोन, हाक काहीच ऐकू येत नाही. म्हणून हेडफोन फक्त रात्री आठ ते दहा, जेव्हा घरात सगळे असतात. दुपारी एकट्या असताना साधा आवाज, तेव्हा वाढवला तरी चालतो.

सोबतीच्या साडेआठ तासांसाठी रेडिओ आणला. आकाशवाणी सांगली मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला लागतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नुसती खरखर आली, कारण वरचा एलईडी दिवा आणि शेजारचा मोबाइल चार्जर. काँक्रीटच्या घरात मध्यम लहरी आधीच कमकुवत होतात. रेडिओ खिडकीपाशी ठेवला आणि जागच्या जागी फिरवत आवाज स्वच्छ होईल त्या कोनात थांबवला, कारण आतला फेराइटचा दांडा, म्हणजे रेडिओचा अँटेना, दिशा धरतो. तेवढ्याने काम झालं. सकाळी साडेनऊ ते बारा टीव्ही बंद राहू लागला आणि त्यासाठी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

पाहण्याच्या पाच तासांचं आक्कांनी स्वतः ठरवलं. चारपैकी दोन मालिका दुपारच्या पुनःप्रक्षेपणात पाहायच्या, दोन रात्री. रिचार्ज आता त्यांच्या पेन्शनमधून आणि त्यांच्या हाताने होतो. वाहिन्यांची यादीही त्यांनी वाचली आणि गुच्छातल्या न लागणाऱ्या वाहिन्या काढायला लावल्या. महिन्याचं बिल ४१० रुपयांवरून २९० वर आलं. जुलैचा ओरखडा काहीसा बुजला तो या एका गोष्टीने, असं सूनबाईंचं मत आहे. खोलीतला टीव्ही नोव्हेंबरात विकला. हॉलमधल्या टीव्हीला रोज रात्री नव्वद मिनिटांचा स्लीप टायमर.

हातांचं काय, हा प्रश्न उरला होता. मशीन पुन्हा घेऊन पाहिली. कंबर धरली, म्हणून ते काम बंद पडलं. हाताने लावायच्या फॉलचं काम मात्र इमारतीतूनच मिळालं. नवरात्र-दिवाळीत दहा-पंधरा साड्या, एरवी महिन्याला तीन-चार. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आधीच झालेली असल्याने सुईत दोरा ओवता येतो. मालिका आणि फॉल पुन्हा एकत्र आले.

डिसेंबरात आक्का स्वतःहून म्हणाल्या, "ते कानातलं किती रुपयाला मिळतं?" हेडफोनमधून सुनेचं बोलणं येत नाही, हे त्यांना खटकू लागलं होतं. कानामागे बसणारं एक डिजिटल यंत्र घेतलं, बावीस हजारांचं, उजव्या कानाला. दोन्हींचा सल्ला होता, पण पैसे एकाचेच होते. फेब्रुवारीत जाहीर झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतले, ज्येष्ठांना अशा साधनांसाठी मिळणारे ३,००० रुपये मुलाच्या उत्पन्नामुळे मिळण्यासारखे नव्हते. यंत्राला १३ क्रमांकाचा, नारिंगी पट्टीचा झिंक-एअर सेल लागतो. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग घालायचा. लगेच घातला तर लवकर उतरतो. यंत्र घालून वर हेडफोन चढवला की शिट्टी येते, तेव्हा यंत्र आधी काढायचं. रात्री सेलचं झाकण उघडून डबीत. सांगलीच्या पावसाळ्यात डबीत ओल शोषणारी पुडी हवीच.

परिणाम

फेब्रुवारी २०२४ला कॅलेंडरवर पुन्हा पंधरा दिवस आकडे लिहिले. चालू असण्याचे तास साडेतेरावरून सात. प्रत्यक्ष पाहण्याचे पाचवरून साडेचार. म्हणजे ज्याला व्यसन म्हटलं गेलं होतं ते जवळपास तसंच आहे आणि आता त्याचा कुणाला त्रास नाही. संध्याकाळचा आवाज ४६वरून १७ वर. झोपायला जाण्याची वेळ साधारण पावणेअकरा. खालच्या मजल्यावरून निरोप आलेला नाही. मार्चमध्ये नातवाची दहावी पार पडली. त्याच्या मार्कांचं श्रेय या प्रकरणाला देण्याचं कारण नाही, पण अभ्यासाच्या वेळी दार आपटणं थांबलं.

पूर्ण सुरळीत झालं असंही नाही. हेडफोन चार्जिंगच्या बैठकीवर नीट बसला नाही की दुसऱ्या दिवशी मालिकेच्या मध्यात बंद पडतो. मग आवाज पुन्हा चाळीसवर. महिन्यातून दोन-तीनदा हे होतंच. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला त्या दिवशी सकाळी आठपासून रात्रीपर्यंत टीव्ही पूर्ण आवाजात होता. पण त्या दिवशी सांगलीत कुणाच्या घरात नव्हता!

कुठे वेगळं करता आलं असतं

श्रवणचाचणी सुरुवातीलाच, २०२२मध्ये व्हायला हवी होती. साठीच्या पुढच्या माणसाने टीव्हीचा आवाज वर्षभरात दहा-पंधरा आकड्यांनी वाढवला असेल तर घरातली पहिली चौकशी कानाची असावी. तसं झालं असतं तर दुसऱ्या टीव्हीचे आणि डिशचे मिळून दहा हजारांच्या वर गेलेले पैसे दुसऱ्या कानाच्या यंत्राला पुरले नसते तरी त्याचा अर्धा भार उचलला असता.

कॅलेंडरवर दोन वेगळे आकडे लिहिणं हा या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग ठरला. एकच आकडा लिहिला असता तर साडेतेरा तास पाहून घरच्यांचं निदान पक्कं झालं असतं.

हेडफोन आधी की यंत्र आधी, यावर मतभेद राहतील. श्रवणतज्ज्ञांच्या मते तीन महिने वाया गेले, कारण मेंदूला आवाजांची ओळख पुन्हा पटायला वेळ लागतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. कार्यकर्तीचं म्हणणं असं की सप्टेंबरात जबरदस्तीने घेतलेलं यंत्र डबीतच राहिलं असतं. दोघांचंही बरोबर असू शकतं. आक्कांचा नकार किती दिवस टिकला असता हे आता सांगता येत नाही.

२०१९ला पुरानंतर घर हलवताना हातातलं काम गेलं, हे कुणी मोजलं नाही. पंचनाम्यात टीव्ही आणि मशीन दोन्ही वस्तू म्हणून लिहिल्या गेल्या. टीव्ही महिन्याभरात मिळाला, मशीनचा विषय चार वर्षांनी निघाला, तोवर कंबर तिला तयार नव्हती.

दुसऱ्या कानाचं यंत्र अजून बाकी आहे. शिवाय २०२४च्या पावसाळ्यात नातवाचा जुना मोबाइल आक्कांकडे आला. त्यावरच्या छोट्या चित्रफितींना प्रक्षेपण संपण्याची वेळ नाही, पुनःप्रक्षेपण नाही, आणि मोबाइल हातात धरावा लागत असल्याने फॉल लावता येत नाही. सूनबाईंनी कॅलेंडरवर तिसरा रकाना आखला आहे.